कोल्हापूरच्या हवेत स्केल मॉडेलला प्रायमर मारताना

स्केल मॉडेलचं, म्हणजे खऱ्या विमान-गाड्यांच्या प्रमाणबद्ध छोट्या प्रतिकृतींचं, काम शिकू लागलेले बहुतेक जण आधी विचारतात, कोणत्या कंपनीचा प्रायमर (रंगाआधी मारायचा थर) घेऊ? त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात: मॉडेल कशाचं बनलेलं आहे आणि आज हवा कशी आहे. कोल्हापुरात दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याइतकंच वजन आहे.

प्रायमरची कामं दोनच. वरच्या रंगाला पकड देणं, आणि सगळा पृष्ठभाग एका रंगाचा करून राहिलेले दोष उघडे पाडणं. खड्डे आणि फटी भरायचं काम लांबीचं, म्हणजे पुट्टीचं. ते प्रायमरकडून करून घ्यायला गेलं की थर जाड होतो. १/७२ मापात (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतक्या मॉडेलवर) ०.०५ मिमीचा थर म्हणजे खऱ्या विमानावर ३.६ मिमीचा लेप. रिव्हेट आणि पॅनेलच्या रेषा बुजतात त्या अशा.

प्लॅस्टिकच्या किटला, म्हणजे पॉलिस्टायरिनला, लॅकर (झपाट्याने उडणाऱ्या द्रावणातला) प्रायमर उत्तम. त्यातलं द्रावण प्लॅस्टिकचा वरचा पापुद्रा किंचित मऊ करतं, त्यामुळे पकड घट्ट बसते आणि नंतर घासलं तरी कडा सोलत नाहीत. टामियाचा फाइन सरफेस प्रायमर स्प्रे कॅनमध्ये मिळतो. मिस्टर सरफेसर या लॅकर प्रायमरमध्ये आकडा जितका मोठा तितका कण बारीक: ५०० ओरखडे भरायला, १००० रोजच्या कामाला, १५०० धातूच्या चकचकीत रंगाखाली. व्हॅलेहोसारखा पाण्याचा प्रायमर वासाला सौम्य, घरात मारायला सोयीचा. पण तो प्लॅस्टिकवर कातडीसारखा पसरून बसतो. अर्धवट सुकलेला असताना घासला किंवा मास्किंग टेप ओढली, की पापुद्रा निघून येतो. त्याला किमान २४ तास द्या, पावसाळ्यात ४८.

पितळेच्या एच केलेल्या (रसायनाने कोरून काढलेल्या) भागांना वेगळा मेटल प्रायमर लागतो. रेझिनचे ओतीव भाग आधी साबणाने धुवायचे, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट द्रव्य त्यांच्यावर राहिलेलं असतं. थ्रीडी प्रिंटचं रेझिन आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुऊन यूव्हीखाली पूर्ण कडक केलेलं नसेल, तर त्यावर मारलेला प्रायमर चिकटच राहतो, आठवड्यानेसुद्धा.

किटचे भागही कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने घासा आणि रात्रभर वाळू द्या. जोडणीनंतर बोटांचं तेल लागलेलं असतं, ते प्रायमरच्या आधी आयसोप्रोपाइलने पुसून घ्या. प्रायमर सोलला अशा तक्रारींत बहुतेकदा ही धुलाईच राहून गेलेली असते.

आता हवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडं घरातसुद्धा दमट असतं. लॅकरचं द्रावण झपाट्याने उडतं, पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि प्रायमर पांढुरका, धुरकट पडतो. एक साधा आर्द्रतामापक टेबलावर ठेवा. ७० टक्क्यांच्या वर आकडा असेल तर लॅकरचा स्प्रे कॅन उचलू नका. त्या दिवशी पाण्याचा प्रायमर मारा, किंवा एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) असेल तर लॅकरमध्ये मिस्टर कलर लेव्हलिंग थिनर वापरा. त्यातल्या रिटार्डरमुळे द्रावण सावकाश उडतं. एअरब्रशच्या कॉम्प्रेसरला मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी बाटली) हवाच, नाहीतर पाण्याचे थेंब थेट मॉडेलवर येतात. पाइप, रेग्युलेटर असली जोडणी शिवाजी उद्यमनगरात शोधा.

एप्रिल-मे मध्ये उलटी अडचण. प्रायमर हवेतच सुकतो आणि कण कोरडे होऊन बसतात, हाताला पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. तेव्हा सकाळी लवकर काम करा आणि फवाऱ्याचं अंतर थोडं कमी करा. कॅन उन्हात किंवा उभ्या गाडीत कधीच ठेवू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. ऑर्डरची कामं घेणाऱ्यांनी मोठी मॉडेल्स याच काळात काढावीत.

स्प्रे कॅन दोन मिनिटं हलवा. थंडीच्या पहाटे तो कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा ठेवा, गरम पाण्यात नको. अंतर २० सेमीच्या आसपास. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करायचा, वरून न थांबता न्यायचा, पलीकडे बाहेर बंद करायचा. पहिला हात नुसता धुक्यासारखा. खालचं प्लॅस्टिक दिसलं पाहिजे. १०-१५ मिनिटांनी दुसरा, लागला तर तिसरा. पहिल्याच हातात सगळं झाकायचा मोह झाला की ओघळ आलाच. ओघळ ओला असताना पुसू नका. एक दिवस कडक होऊ द्या, १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासा, तेवढ्यावरच हलका हात मारा.

एअरब्रशला ०.३ मिमी नोझल, दाब १५ ते २० पीएसआय, अंतर ८-१० सेमी. बाटलीतला मिस्टर सरफेसर एक भाग, थिनर एक ते दीड भाग. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर नोझल धुवायला चांगलं, प्रायमर पातळ करायला नाही. पॉलिस्टायरिनवर त्याने बारीक तडे पडू शकतात. गाडीचा प्रायमर वापरायचाच असेल तर आधी किटच्या उरलेल्या चौकटीवर मारून एक दिवस थांबा.

लॅकरच्या वाफेला साधा एन-९५ मास्क अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा रेस्पिरेटर लागतो. खिडकी उघडी हवी. आणि त्या खोलीत गॅसची शेगडी, देवघरातला दिवा, उदबत्ती काही पेटलेलं नसावं. यात तडजोड नाही.

रंग वरच्या रंगाप्रमाणे निवडा. राखाडीवर दोष सर्वात चांगले दिसतात, म्हणून शिकताना तोच. पिवळा आणि लाल खालचा रंग नीट झाकत नाहीत, त्यांना पांढरा किंवा गुलाबी तळ द्या. ॲल्युमिनियम आणि क्रोमला चकचकीत काळा. सुकल्यावर टॉर्च तिरकी धरून सांधे पाहा. फट दिसली तर लांबी, पॉलिश पेपर आणि फक्त त्या जागी पुन्हा प्रायमर. लॅकरवर दुसऱ्या दिवशी मास्किंग टेप चिकटवून ओढून बघा. काही निघालं नाही तर वरचा रंग मारायला हरकत नाही.