विहिरीत डोकावल्याशिवाय निर्देशांक काढू नका

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी आष्टी तालुक्यातली (जि. बीड) बारा गावं घेतली होती. हवामान बदलाचा तिथल्या शेतीला किती फटका बसू शकतो, ते गाववार निर्देशांक काढून मोजायचं होतं. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

आधी चौकट पक्की करा. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या) 2007 च्या अहवालात असुरक्षिततेचे तीन घटक होते: हवामानाचा मारा, पिकाची संवेदनशीलता आणि शेतकऱ्याची जुळवून घेण्याची क्षमता. 2014 च्या अहवालात मारा 'जोखमी'च्या हिशेबात गेला. असुरक्षिततेत उरलेले दोनच. जुने-नवे पेपर एकत्र वाचताना मी हे पाहिलंच नाही. निर्देशक (ज्या मोजमापांवरून निर्देशांक निघतो ती) भलत्या रकान्यांत गेले आणि दीड महिन्याचं काम पुन्हा करावं लागलं. हैदराबादच्या 'क्रीडा' (CRIDA) या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने 2013 मध्ये जुन्या चौकटीत आणि 2019 मध्ये नव्या चौकटीत जिल्हावार मूल्यांकन केलंय. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

पावसाची वार्षिक सरासरी फारशी कामाची नाही. सोयाबीनच्या शेंगा भरताना पडलेला खंड तिच्यात दिसतच नाही. हवामान खातं 2.5 मिमी किंवा जास्त पाऊस झाला तरच पावसाचा दिवस धरतं. त्यावरून रोजच्या नोंदींतून खंड काढा.

माझी खरी चूक वेगळीच होती. 'ओलिताखालचं क्षेत्र' मी सरळ क्षमतेत धरलं होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक मावशी मला त्यांच्या विहिरीवर घेऊन गेल्या. मोटरचा पाइप अर्ध्यात लोंबत होता, फुटव्हॉल्व्हवर शेवाळ वाळून चिकटलेलं, तळाला नुसता मुरूम. "सातबाऱ्यावर विहीर हाय की पोरी. संक्रांतीनंतर पानी कुठलं?" माझ्या तक्त्यात ते शेत बागायती होतं.

मग मी तो निर्देशकच बदलला. विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, हे घरोघर विचारलं. जी गावं सुस्थितीत दिसत होती, त्यांतली तीन सर्वाधिक असुरक्षित निघाली. सरकारी तक्त्यात हा रकाना नसतो. तो तुम्हालाच भरावा लागेल, आणि त्यासाठी उन्हाळ्यातच जा. पावसाळ्यात सगळ्याच विहिरी भरलेल्या दिसतात.

भारांक (कोणत्या निर्देशकाला किती वजन) समान धरून एकदा आणि पीसीएने (आकडेवारीतूनच वजनं काढणाऱ्या सांख्यिकी पद्धतीने) एकदा, असा दोनदा हिशेब करा. क्रमवारी उलटीपालटी झाली तर प्रबंधात तसं स्पष्ट लिहा.

असुरक्षिततेनुसार गावांचा नकाशा रंगवून झाला की गावात घेऊन जा. मी नेला तेव्हा मावशींनी गावाच्या एकरंगी चौकटीवर बोट फिरवून विचारलं, "पाझर तलाव ह्या अंगाला, आमची वस्ती त्या अंगाला. मग रंग एकच कसा?"