माशाच्या डीएनएत हिमयुग कसं शोधायचं (आणि कुठं शोधत बसायचं नाही)

एमएस्सीच्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी माझ्या रिपोर्टातल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "हे वीस हजार वर्षं कुठनं आणलंस बाळा?" डीएनएच्या ६०० अक्षरांच्या (ए, टी, जी, सी ही ती अक्षरं) तुकड्यात माशांच्या दोन गटांमध्ये १२ अक्षरांचा फरक होता, आणि मी बिनधास्त लिहून टाकलं होतं की शेवटच्या हिमयुगानं हे दोन गट वेगळे केले. घाम फुटला राव. आता दरवर्षी प्रोजेक्टच्या सीझनला कोण ना कोण ज्युनिअर हाच विषय घेऊन रंकाळ्यावर गाठतंय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

लॅब लागत नाही, लॅपटॉप आणि बरं नेट असलं की झालं. जेनबँक या ऑनलाइन डेटाबेसवर जगभरातल्या माशांचे सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या ओळी, फुकट पडलेत. पहिल्यांदा करताय तर उत्तरेकडचा मासा घ्या, ब्राऊन ट्राउट किंवा स्टिकलबॅक, कारण तिथं बर्फ खरोखर बसला होता, कॅनडा आणि स्कँडिनेव्हियावर दोन-तीन किलोमीटर जाडीचा, आणि त्याचा जोर साधारण २६ हजार ते १९ हजार वर्षांपूर्वी सगळ्यात जास्त होता. त्या बर्फाखाली नदीच नाही तर मासा कुठला, म्हणजे आज तिथं जे मासे दिसतात ते सगळे बर्फ वितळल्यावर बर्फ नसलेल्या भागातनं किंवा समुद्रातनं परत आलेले. माशाचं शास्त्रीय नाव आणि पुढं सायटोक्रोम बी असं सर्चमध्ये टाकायचं. हे मायटोकाँड्रियातलं (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागातलं) जीन, आईकडनंच येतं, साधारण ११४० अक्षरांचं. फास्टा फाईल (सिक्वेन्सची साधी टेक्स्ट फाईल) उतरवा, मेगा या सॉफ्टवेअरमध्ये अलाइन करा, म्हणजे सगळे सिक्वेन्स एकाखाली एक जुळवा, दोन्ही टोकं सारखी छाटा, डीएनएएसपी या सॉफ्टवेअरमध्ये विविधतेचे आकडे काढा आणि पॉपआर्टमध्ये नेटवर्क, म्हणजे प्रकारांचं एकमेकांशी नातं दाखवणारं चित्र. बटणं कुठं दाबायची ते व्हिडिओ बघून तासाभरात जमतंय.

पण एक गोष्ट व्हिडिओत कुणी सांगत नाही. बरेच लोक जेनबँकला प्रत्येक प्रकाराचा, म्हणजे हॅप्लोटाइपचा, एकेकच नमुना टाकतात. ४० माशांत एकच प्रकार सापडला असला तरी तिथं एंट्री एकच. ते तसंच उचलून डायव्हर्सिटी (दोन मासे उचलले तर वेगळे निघायची शक्यता) काढली की आकडा येतो बरोबर १, आणि आपण खूश की काय विविधता आहे! मूळ पेपरमधला टेबल उघडायचा, कुठला प्रकार कुठल्या नदीत किती माशांत मिळाला ते बघायचं आणि त्याप्रमाणे सिक्वेन्स तितक्या वेळा कॉपी करायचा. कंटाळवाणं काम आहे पण त्याशिवाय पुढं जाऊ नका.

आता आकड्यांकडं जायच्या आधी एक काम करा, आईच्या डब्यातनं कडधान्य काढा. ६० मूग, २५ मटकी, १० चवळी, ५ राजमा, असे शंभर दाणे एका वाडग्यात. डोळे मिटून १० उचला. (राजम्याचा दाणा मोठा, हाताला कळतोय, तेव्हा चीटिंग नको.) हे दहा दाणे म्हणजे बर्फ मागं सरल्यावर नव्या तळ्यात पोचलेले पहिले मासे. दहातल्या साधारण सहा वेळा राजमा येतच नाही. चारातले सरासरी तीनच प्रकार हातात राहतात. पण एक दाणा उचलून परत टाकला आणि दुसरा उचलला तर ते वेगळे निघायची शक्यता, जी मूळ वाडग्यात ०.५६ च्या आसपास होती, ती घसरून सरासरी ०.५१ होते, फार काही नाही. म्हणजे अडचणीच्या काळात दुर्मीळ प्रकार आधी जातात, आकडा मागनं हळूहळू उतरतो. त्या दहा दाण्यांवरनं परत शंभराचं वाडगं भरा, परत दहा उचला, असं पाच-सहा वेळा केलं की बहुतेक वेळा एक-दोनच प्रकार उरतात, बहुधा मूग आणि कधी थोडी मटकी. बर्फ मागं हटत गेला तसे मासे तळ्यातनं तळ्यात असेच टप्प्याटप्प्यानं सरकले, म्हणून उत्तर अमेरिकेत साधारण ४६ अंश अक्षांशाच्या वरच्या गोड्या पाण्यातल्या माशांत विविधता दक्षिणेपेक्षा कमी मिळते. ती रेघ बर्फाच्या जुन्या कडेशी जुळते.

आता डीएनएएसपी दोन आकडे देतंय आणि घोळ इथंच होतो. हॅप्लोटाइप डायव्हर्सिटी सांगते की दोन मासे उचलले तर वेगळे निघतील का. न्यूक्लिओटाइड डायव्हर्सिटी सांगते की वेगळे निघाले तर किती अक्षरांनी वेगळे. पहिला मोठा (०.५ च्या वर) आणि दुसरा लहान (अर्ध्या टक्क्याच्या खाली) असेल तर वस्ती एकदा आकसून मग झपाट्यानं वाढलेली असावी, नवे प्रकार आलेत पण त्यांना लांब जायला वेळ मिळालेला नाही. नेटवर्कमध्ये हे ताऱ्यासारखं दिसतं, मधे एक मोठा गोळा आणि भोवती एकेक अक्षराच्या अंतरावर पिल्लं. दोन्ही लहान असले तर फटका ताजा किंवा फार मोठा. दोन्ही मोठे असले तर दोन शक्यता. एक म्हणजे ती जागा आसऱ्याची होती, बर्फाच्या काळातसुद्धा मासे तिथंच टिकून राहिले. दुसरी म्हणजे वेगवेगळ्या आसऱ्यातनं आलेले मासे तिथं येऊन मिसळले, आपल्या प्रयाग चिखलीला नद्या मिळाव्यात तसे. ओळखायचं कसं, तर तिथले प्रकार दुसरीकडं कुठं सापडतात का बघा. फक्त तिथंच असले तर आसरा, सगळे बाहेर पण सापडत असतील तर संगम.

आता माझी चूक. मायटोकाँड्रियाच्या डीएनएला दोन माशांमध्ये दर दहा लाख वर्षांना साधारण २ टक्के फरक पडतो असं धरायची पद्धत आहे, ट्राउटच्या घराण्यात एकच टक्का धरणारे पण आहेत. २ टक्क्यांनं ११४० अक्षरांत दहा लाख वर्षांना २३ च्या आसपास फरक. मग वीस हजार वर्षांत किती? ०.४६. अर्धं अक्षरसुद्धा नाही! आणि मी १२ अक्षरांचा फरक घेऊन वीस हजार वर्षं सांगत बसलेलो. ६०० मध्ये १२ म्हणजे २ टक्के, म्हणजे दहा लाख वर्षं, आणि गेल्या आठ लाख वर्षांतच थंडीचे मोठे फेरे साधारण दर लाख वर्षांनी एक असे येऊन गेलेत. ब्राऊन ट्राउटची पाच मोठी घराणी आहेत, अटलांटिक, डॅन्यूब, भूमध्य, एड्रियाटिक आणि मार्बल, ती पाच ते वीस लाख वर्षांपूर्वी फुटलेली. शेवटच्या हिमयुगानं ती बनवली नाहीत, फक्त चाळली आणि कुठं कोण राहणार ते ठरवलं. तेव्हा रिपोर्टमध्ये फूट आणि चाळण या दोन गोष्टी दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहा, आणि वर्षांच्या शेजारी कुठला दर धरला ते लिहा.

चाळणीतनं काय काय निसटतं ते बघायचं असेल तर स्टिकलबॅक. समुद्रातल्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं. बर्फ वितळल्यावर जमीन वर उचलली गेली, तळी समुद्रापासनं तुटली आणि आत अडकलेल्या माशांत ठिकठिकाणी चिलखत कमी झालं. मजा म्हणजे बहुतेक तळ्यांत त्यामागं चिलखत ठरवणाऱ्या ईडा जीनचं तेच एक जुनं रूप आहे, जे समुद्रातल्या माशांत थोड्या प्रमाणात आधीपासनं लपलेलं होतं. म्हणजे तो ५ टक्क्यांचा राजमा काही तळ्यांत पोचला आणि तिथं त्याचंच राज्य झालं.

एक सावधगिरी, तारा दिसला म्हणून लगेच हिमयुग लिहू नका. मायटोकाँड्रियातला एखादा फायद्याचा बदल झपाट्यानं पसरला तरी नेटवर्क तसंच दिसतंय, म्हणून पेशीच्या केंद्रकातलं एखादं जीन सोबत घ्या.

आणि आता आपल्या कोल्हापूरच्या पंचगंगेचे मासे घेऊन करू का, हे मला हमखास विचारतात. करा की, पण इथं बर्फ नव्हता. दख्खनवर त्या काळात पाऊस कमजोर होता, समुद्र साधारण १२० मीटर खाली होता आणि कोकणचा किनारा बराच पश्चिमेला, त्यामुळं तारली-बांगड्याच्या बाबतीत किनारा सरकल्याचा विचार करायला जागा आहे. नदीच्या माशाला मात्र आधी सह्याद्रीचा पाणलोट बघा, आपलं पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जातं आणि घाटापलीकडचं अरबी समुद्रात. खडस घेणार असाल तर आणखी एक भानगड. खडस, म्हणजे १८३९ मध्ये साइक्सनं पुण्याच्या मुळा-मुठेतनं नोंदवलेला महसीर, याचं बीज हॅचरीत तयार करून लांबलांबच्या धरणांत आणि नद्यांत सोडलंय. त्या माशाचे जीन टेम्पोतनं फिरलेत. म्हणून सॅम्पल घ्यायच्या आधी त्या धरणात बीज कधी आणि कुठनं आणून सोडलं ते मत्स्य खात्यात जाऊन विचारा, आणि जाळं टाकणाऱ्या म्हाताऱ्यांना पण विचारा, त्यांना वर्षासकट आठवत असतंय.