माळावरचा तरवड बांधावर कसा लावावा

नवरात्रात घटाच्या माळेला तरवडाची पिवळी फुलं लागतात. माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळांवर ती फुकट मिळतात, म्हणून हे झुडूप मुद्दाम लावायचं कुणाच्या मनात येत नाही. पण मुरमाड बांध धरून ठेवायला आणि पाण्याविना टिकणारं कुंपण करायला तरवडासारखं दुसरं झुडूप सापडणं अवघड.

आधी ओळख पक्की करा. टाकळा आणि कासविंदा याच कुळातले, फुलंही पिवळीच, त्यामुळे बी गोळा करताना घोटाळा होतो. तरवडाच्या पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी दोन गोल उपपानं असतात, ती पाहिली की शंका उरत नाही. पानाला पत्रकांच्या ८ ते १२ जोड्या असतात. शेंग चपटी, पातळ, बोटभर लांब असते.

शेंगा झाडावरच तपकिरी होऊन खुळखुळू लागल्या की तोडा. फार दिवस ठेवल्या तर भुंगेरे बी पोखरतात. गोल भोक पडलेलं बी टाकून द्या. उरलेलं पाण्यात टाका आणि तरंगेल तेही काढा.

तरवड उगवला नाही अशी तक्रार असते, ती बहुतेक वेळा इथेच चुकते. बियांचं टरफल इतकं कठीण असतं की पाणी आत शिरतच नाही. वाटीभर बियांना पाच वाट्या पाणी उकळा, भांडं चुलीवरून खाली उतरवा आणि मगच बी टाका. चुलीवर ठेवून बी उकळलं तर आतला अंकुर मरतो. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी जे बी फुगून दुप्पट दिसेल तेवढंच पेरा. न फुगलेल्यावर पुन्हा तीच क्रिया करा किंवा बियांचा डोळा सोडून दुसरी बाजू पॉलिशपेपरवर हलकी घासा.

लावायची सर्वांत चांगली रीत म्हणजे जागेवरच टोकण. जूनमध्ये पाऊस पडून वाफसा आला की बांधावर दीड-दीड फुटावर वीतभर खोल माती मोकळी करा आणि प्रत्येक जागी ३-४ बिया बोटाच्या एका पेराएवढ्या खोल टाका. आठ-पंधरा दिवसांत उगवण दिसते. रोपं चार बोटं उंच झाली की जोमदार एक ठेवून बाकीची कापा. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. दाट कुंपण हवं असेल तर दोन ओळी घ्या आणि दुसऱ्या ओळीतली झाडं पहिलीच्या फटीसमोर येऊ द्या.

पिशवीत रोपं करायची असतील तर मार्चअखेर पेरा. माती दोन पाट्या, वाळू एक, कुजलेलं शेणखत एक. पिशवी उभट हवी, कारण सोटमूळ झपाट्याने खाली जातं. पावसाळा चुकला म्हणून वर्षभर पिशवीत ठेवलेलं रोप लावू नका. तळाशी वेटोळं झालेलं मूळ नंतर सरळ होत नाही आणि पहिल्याच कडक उन्हाळ्यात झाड वाळतं.

पहिल्या वर्षी शेळ्या कोवळे शेंडे खुडतात, तेवढ्यापुरत्या बाभळीच्या काट्या लावा. पाऊस ताणला तर रोपाला आठवड्याला तांब्याभर पाणी पुरे, पुढच्या वर्षी तेही नको. निचरा नसलेल्या काळ्या रानात मुळं कुजतात. रासायनिक खत घातलं तर पाला माजतो, फुलं कमी येतात. आणखी एक: हे द्विदल कुळातलं असलं तरी याच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत, तेव्हा जिवाणू संवर्धकाच्या पाकिटावर पैसे घालवू नका.

हिरव्या अळ्या पाला कुरतडताना दिसल्या तर फवारणी टाळा. त्या फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या असतात आणि झाड पुन्हा फुटतं. शिवाय या फुलांत मध नसतो, फक्त पराग, आणि तोही काळा भोंगा पंख गुणगुणवून झाडतो तेव्हाच नीट सुटतो. फवारणीत भोंगे गेले तर शेंगाही गेल्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंगा उतरल्यावर झुडूप गुडघ्याएवढं छाटा, नवा फुटवा दाट येतो. साल मात्र ओरबाडू नका. पूर्वी कातडी कमवायला ती काढत, पण भोवताली सोललेली फांदी वाळतेच.

सलग गवताळ माळ नांगरून तरवड लावू नका, तिथलं गवत मोडलं की परत येत नाही. बांध, रस्त्याची कड, मुरूम उकरून उघडी पडलेली जागा, इथेच लावा. माळेसाठी फुलं खुडताना प्रत्येक झुडपावर दोन-चार घोस राखा, नाहीतर पुढच्या जूनला टोकायला बी उरणार नाही.