आरोग्यासाठी कोको: निवडावा कसा, घ्यावा कसा

चॉकलेट हृदयाला चांगले, असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात जो काही गुण आहे तो चॉकलेटचा नसून कोकोच्या बियांमधील फ्लेव्हॅनॉल या द्रव्यांचा आहे, आणि बी आंबवणे, भाजणे, दळणे या टप्प्यांत त्यांचा बराचसा अंश नाहीसा होतो. म्हणून आरोग्याच्या हेतूने कोको घ्यायचा असेल, तर हाती आलेल्या मालात ही द्रव्ये कितपत शिल्लक आहेत, हे आधी ओळखता आले पाहिजे.

फ्लेव्हॅनॉलांमुळे, विशेषतः त्यांतील एपिकॅटेचिनमुळे, रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरात नायट्रिक ऑक्साइड अधिक प्रमाणात उपलब्ध होते. त्यामुळे वाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब किंचित, म्हणजे सरासरी २ अंकांच्या आसपास उतरतो. रक्तदाबाची गोळी बंद करण्याइतका हा परिणाम मोठा नाही, हे स्पष्टपणे लक्षात ठेवावे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१२ साली रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लेव्हॅनॉल रक्ताभिसरणास उपयुक्त असल्याचे मान्य केले. अमेरिकेत २१ हजारांहून अधिक प्रौढांवर झालेल्या चाचणीत रोज ५०० मिलिग्रॅम दिल्यावर हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठाम म्हणावी अशी घट दिसली नाही, मात्र हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. तेथेही लोकांना गोळ्या दिल्या होत्या, चॉकलेट नव्हे.

खरेदी करताना वेष्टनावरील टक्केवारीवर फार विसंबू नये. ७० किंवा ८५ टक्के या आकड्यात कोकोची भुकटी आणि कोको बटर दोन्ही मोजलेले असतात, आणि बटरमध्ये फ्लेव्हॅनॉल जवळजवळ नसतातच. घटकसूची वाचणे अधिक उपयोगाचे. तेथे ‘अल्कली प्रक्रिया केलेला कोको’ असा उल्लेख असेल, तर तो डबा आरोग्यासाठी घेऊ नये. कोकोचा आंबटपणा मारून रंग गडद करण्यासाठी ही प्रक्रिया करतात, आणि ती जितकी तीव्र तितके फ्लेव्हॅनॉल कमी होत जातात. गडद रंग म्हणजे अस्सल कोको हा समज इथेच फसवतो, कारण नैसर्गिक कोकोचा रंग उलट फिकट, तांबूस तपकिरी असतो. चिमूटभर पावडर जिभेवर ठेवून पाहावी. ती आंबटसर लागली आणि क्षणभराने जीभ आवळल्यासारखी तुरट झाली, तर माल बहुधा योग्य आहे. ज्या तुरटपणाला लोक नाके मुरडतात, तो बव्हंशी याच द्रव्यांचा असतो.

माझ्या मते चॉकलेटच्या वडीपेक्षा बिनसाखरेची कोको पावडर घ्यावी. १०० ग्रॅम डार्क चॉकलेटमधून सुमारे ६०० कॅलरी मिळतात, त्यामुळे वडीतून फ्लेव्हॅनॉल मिळवू पाहणारा बहुधा वजनच वाढवून घेतो. एक सपाट चमचा, म्हणजे साधारण अडीच ग्रॅम पावडर कपात घेऊन आधी दोन चमचे कोमट पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत घोटावी आणि मगच उरलेले गरम पाणी किंवा दूध ओतावे. एकदम भरपूर पाणी घातले, तर पावडर वर कोरडीच तरंगत राहते. साखर शक्यतो टाळावी, अन्यथा सवय होईपर्यंत अगदी थोडी घालावी. केळ्याबरोबर कोको घुसळून पिण्याची रीत मात्र सोडावी. केळ्यातील एन्झाइम फ्लेव्हॅनॉल मोडते, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात केळे घातलेल्या पेयानंतर रक्तातील त्यांची पातळी फ्लेव्हॅनॉलांची नुसती गोळी घेतल्याच्या तुलनेत ८४ टक्के कमी आढळली. केळे आवडत असेल, तर ते वेगळ्या वेळी खावे.

कोकोत थोडे कॅफीन आणि बरेच थिओब्रोमिन, म्हणजे कॅफीनच्याच जातीचे उत्तेजक द्रव्य, असते, म्हणून झोप हलकी असणाऱ्यांनी तो सकाळी घ्यावा. कोकोत मूतखडे घडवू शकणारे ऑक्सलेट असते, म्हणून मूतखड्याची तक्रार असलेल्यांनी, तसेच छातीत जळजळ होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. लोहाच्या गोळीबरोबर कोको घेऊ नये, कारण तो लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. कोकोचे झाड जमिनीतील कॅडमियम शोषते आणि बिया वाळवताना त्यांवर शिशाची धूळ बसू शकते, म्हणून गर्भवतींनी आणि लहान मुलांनी गडद चॉकलेट रोज खाऊ नये, आणि इतरांनीही एकाच उत्पादकाचा माल वर्षानुवर्षे वापरण्याऐवजी अधूनमधून बदलावा. घरात कुत्रा असेल, तर डबा त्याच्या आवाक्याबाहेर ठेवावा, कारण थिओब्रोमिन त्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते आणि त्याला ते विषारी ठरते.