गादीवाफ्याची चौकट: लाकडाला आजवर काय फासलंय ते आधी विचारा

पालक, मुळा, गाजरासाठी गादीवाफ्याला लाकडी चौकट करायची म्हटलं की वखारीत सगळे आधी भाव विचारतात, मग जात. मी विचारते, या लाकडाला आजवर काय काय फासलंय? काहीच न फासलेलं बहुतेक कुठलंही लाकूड भाजीला चालतं. जात बघायची ती फक्त टिकाऊपणासाठी.

टिकायला साग उत्तम, पण गाभ्याचा. फळीच्या कडेला पांढुरका पट्टा असेल तर वाळवी तिथूनच सुरुवात करते, आणि कोवळ्या लागवडीच्या सागात हा पट्टाच जास्त. आंब्याच्या फळ्या स्वस्त असतात, कुजतातही लवकर. मला विचाराल तर जुना वाडा पाडताना निघालेली, कधीच न रंगवलेली सागाची तुळई चिरून घ्यावी. घेण्याआधी नाक लावून बघा. वाळवीसाठी जळकं ऑइल चोपडायची पद्धत जुनी आहे. तो वास आला की पुढे चला. रंगवलेली दारं-खिडक्या तर नकोतच. आपल्याकडे रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७पासून, त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल ते बघून कळत नाही. रंग खरवडून काढू म्हणाल, तर ती धूळ आणखी वाईट.

हिरवट झाक असलेल्या लाकडाचं कौतुक ऐकाल, ‘वाळवीच लागत नाही’ म्हणून. ते खरंच आहे, कारण त्यात बरेचदा तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेलं असतं. ही पद्धत १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशन यांनी शोधली, पुढे जगभर गेली. अमेरिकेत २००३च्या अखेरीस घरगुती वापरासाठी उत्पादकांनी ती जवळजवळ बंद केली. खांबाला ठीक असेल, मुळ्याशेजारी नको. तुकडे उरले तर बंबातही घालू नका, आर्सेनिक राखेत आणि धुरात येतं.

फार्महाऊसवाल्यांचे लाडके रेल्वेचे जुने स्लीपरही नकोत, त्यांत क्रिओसोट, म्हणजे डांबरापासून काढलेलं विषारी तेल, मुरवलेलं असतं. प्लायवूड आणि एमडीएफमध्ये गोंद, शिवाय बरेचदा वाळवीचं औषध.

पैसे कमी असतील तर कारखान्यांतून निघणारे पाइनचे पॅलेट घ्या. निर्यातीच्या पॅलेटवर असतो तो गव्हाच्या ओंबीचा शिक्का शोधा. त्यात एचटी लिहिलं असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असतं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते सोडा. शिक्का नीट असूनही फळीवर तेलाचे किंवा रसायनाचे डाग दिसले तर तीही नको. पाइन दोन-तीन पावसाळे काढेल, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. आतून अस्तर म्हणून जुना फ्लेक्स लावतात. तो पीव्हीसीचा, टाळाच. बाहेरून कच्चं जवसाचं तेल पुरे. तेलाची फडकी मात्र बोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

काम संपताना मिस्त्री म्हणतोच, “ताई, वाळवीचं औषध मारून देऊ?” नको म्हणा, आणि त्याला चौकटीखाली विटांची ओळ लावायला सांगा. लाकूड ओल्या मातीवर थेट टेकलं नाही की कुजणं लांबतं, आणि वाळवी विटेवरून चढायला लागली तर तिची मातीची नळी डोळ्यांना दिसते, झाडूने मोडता येते.