जागतिक भाषा बनवताय? या चुका टाळा

गेली काही वर्षं लोक मला आपापल्या नव्या भाषांचे आराखडे वाचायला पाठवतात. बहुतेकांची इच्छा एकच असते: जगातल्या कुठल्याही दोन माणसांना एकमेकांशी सहज बोलता यावं. ती मला मनापासून पटते, म्हणूनच त्याच त्या चुका पुन्हा पाहिल्या की जीव तुटतो.

सगळ्यात घातक चूक सगळ्यात हुशार दिसते. शब्दांचं वर्गीकरण करायचं, वर्गाला एक अक्षर, उपवर्गाला दुसरं, आणि शेवटचं अक्षर बदललं की वस्तू बदलली. इंग्रज विद्वान जॉन विल्किन्सने 1668 मध्ये असाच मोठा आराखडा मांडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड फॉस्टरने 'रो' भाषा रचली. तिच्यात लाल म्हणजे 'बोफोक' आणि पिवळा म्हणजे 'बोफोफ'. हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा, आणि मग गोंगाटात, फोनवर, घाईत ते ऐकू येतील का याचा विचार करा.

मी हाच खड्डा स्वतः खणला होता. माझ्या पहिल्या भाषेत वारांची नावं सोमवारपासून ओळीने अशी होती: केलाप, केलात, केलाक, केलाब, केलाद, केलाग, केलास. कागदावर फार देखणं दिसायचं. पाच जणांचा आमचा गट होता, आठवड्यातून एकदा फोनवर फक्त त्याच भाषेत बोलायचो. गटात एकाची मातृभाषा जर्मन होती आणि शिकण्यात तो सगळ्यांच्या पुढे होता. एकदा बोलणं संपताना त्याने पुढची भेट 'केलाद'ला, म्हणजे शुक्रवारी ठरवली. पण जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी आलेल्या ब, द, ग यांचा उच्चार प, त, क असा होतो. आम्हाला 'केलात' ऐकू आलं. खात्री म्हणून आम्ही सगळ्यांनी 'केलात' म्हणून दाखवलं. त्याच्या तोंडी दोन्ही शब्द एकच, त्यामुळे तोही हो म्हणाला. मंगळवारी आम्ही चौघे तासभर त्याची वाट पाहत बसलो. शुक्रवारी तो एकटा बसला. आपल्याला वगळलं असं समजून त्याने गट सोडला. मी समजावणारं पत्र लिहिलं, पण तो परत आला नाही.

त्या प्रसंगानंतर मी ती भाषा मोडीत काढली. नैसर्गिक भाषांतही सारख्या आवाजाचे शब्द असतात, पण ते बहुधा वेगवेगळ्या विषयांतले असतात, आणि संदर्भ आपल्याला सावरतो. वर्गीकरणाच्या भाषेत नेमकं उलटं होतं. जे शब्द एकाच वाक्यात, एकाच जागी येणार, तेच जुळ्यासारखे दिसतात. मराठीतले मंगळवार आणि शुक्रवार पाहा: 'वार' सामाईक आहे, पण ओळखीचा भाग ठसठशीत वेगळा. उलट एस्पेरांतो या रचलेल्या भाषेत 'मी'ला 'मि' आणि 'आम्ही'ला 'नि' म्हणतात. इतक्या विचाराने केलेल्या भाषेतही ही जोडी अजून खटकते.

आता माझी सवय अशी. एका विषयातल्या कोणत्याही दोन शब्दांत किमान दोन ठिकाणी फरक हवा. शब्दांची यादी ध्वनिमुद्रित करायची आणि तीन वेगळ्या मातृभाषांच्या माणसांना फोनवर ऐकवायची. त्यांनी ऐकलं तसं लिहून द्यायचं. जिथे दोघं चुकले, तो शब्द मी बदलतो, मला कितीही आवडत असला तरी.

आपली मातृभाषा म्हणजेच निसर्ग, असं समजू नका. मराठी माणूस त आणि ट, क आणि ख यांतला फरक न सांगता गृहीत धरतो. 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन शब्दही त्याला हवेच वाटतात. जगातल्या कित्येक भाषांत हे भेद नाहीत. तुमच्या आराखड्यातल्या प्रत्येक भेदापुढे लिहा: हा नसेल तर नेमकं काय अडेल? उत्तर सुचलं नाही तर तो काढा.

शब्द कमी केले की भाषा सोपी होते, हा आवडता जवळचा रस्ता. ऑग्डेनने इंग्रजी छाटून केलेल्या बेसिक इंग्लिशमध्ये 850 शब्द आहेत. त्यांत 'पुट', 'अप' आणि 'विथ' आहेत, पण तिन्ही मिळून 'सहन करणं' होतं हे शिकणाऱ्याला वेगळं पाठ करावंच लागतं. ओझं कमी झालं नाही, लपलं.

चाळीस भाषांतून एकेक शब्द उचलू नका. मग कोणालाच काही ओळखीचं वाटत नाही.

शब्द संगणकाकडून ढिगाने पाडून घेऊ नका.

भाषेचा झेंडा नंतर.

दुसरी मोठी चूक म्हणजे सतत सुधारणा. नवखे इथे फार उतावीळ असतात. व्याकरण जाहीर केलं, दोन जण शिकायला लागले, आणि महिन्याभरात क्रियापदांचे प्रत्यय बदलले. शिकणाऱ्याची मेहनत वाया जाते, आणि तो दुसऱ्यांदा फसत नाही. योहान मार्टिन श्लायर या जर्मन पाद्रीची व्होलाप्यूक भाषा 1880 च्या सुमारास आली आणि झपाट्याने पसरली. 1889 च्या पॅरिस अधिवेशनात कामकाजही तिच्यातच चाललं. पण सुधारणा कोणत्या करायच्या आणि शेवटचा शब्द कोणाचा, यावरून भांडण पेटलं. श्लायरला नकाराधिकार हवा होता. काही वर्षांत चळवळ विरली. झामेनहॉफने 1887 मध्ये एस्पेरांतो प्रसिद्ध करताना तिच्यावरचे आपले हक्क सोडून दिले. 1894 मध्ये सुधारणांवर मतदान झालं आणि वापरणाऱ्यांनीच त्या नाकारल्या. 1905 मध्ये फ्रान्समधल्या बुलोनच्या अधिवेशनात भाषेचा पाया गोठवला गेला. पुढे 1907 मध्ये इडो ही एस्पेरांतोची सुधारित भाषा वेगळी झाली आणि काही पुढारी तिकडे गेले, पण बहुतेक बोलणारे जागचे हलले नाहीत, कारण त्यांच्या हातात पुस्तकं होती आणि पत्रव्यवहार चालू होता.

सुधारणा सुचली की मी ती वहीत लिहितो, तारीख घालतो आणि वही बंद करतो. अनोळखी माणसांनी वर्षभर भाषा वापरेपर्यंत वही उघडायची नाही. उघडल्यावर निम्म्याहून जास्त ओळी मी स्वतःच खोडतो.

आणि जाहीर करण्याआधी काहीतरी लांबलचक, अवघड भाषांतर करा. झामेनहॉफने संपूर्ण 'हॅम्लेट' भाषांतरित केलं, ते 1894 मध्ये छापून आलं. तुम्ही निदान औषधाच्या बाटलीवरची सूचना घ्या. माझ्या दुसऱ्या भाषेत 'न्याय' आणि 'अनंत' यांना शब्द होते. 'लहान मुलांपासून दूर ठेवा' लिहायला बसलो तेव्हा 'ठेवा'पाशी अडलो, आणि त्या संध्याकाळी आज्ञार्थाचा प्रत्यय पहिल्यांदा केला.