रेकॉर्ड की सीडी? भांडण नंतर, आधी या चुका टाळा

"रेकॉर्डचा आवाज कसा उबदार, सीडी अगदी कोरडी." किंवा उलट, "सीडी स्वच्छ, रेकॉर्ड म्हणजे नुसती खरखर." यातलं कुठलंही वाक्य कानावर आलं, की समोरच्याला एकच विचारावं: सुईवर वजन किती ठेवलंय? बहुतेक वेळा यावर शांतता पसरते. सुईवर किती ग्रॅम आहेत, तबकडी नेमक्या वेगाने फिरतेय का, तार कुठल्या सॉकेटला लावलीय, यातलं काहीच तपासलेलं नसतं, आणि निकाल मात्र देऊन झालेला असतो. तो निकाल माध्यमाचा नसतो, चुकलेल्या जोडणीचा असतो.

अमेरिकेचा टर्नटेबल आणि आपली वीज

ही चूक सर्वांत महागात पडते आणि सर्वांत उशिरा लक्षात येते. तिकडून कोणीतरी येताना टर्नटेबल घेऊन येतं. मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असं छापलेलं असतं. घरचे लोक हुशारीने स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणतात, दिवा लागतो, तबकडी फिरते, झालं काम. पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. बेल्टवर चालणाऱ्या अनेक टर्नटेबलांमध्ये एसी सिंक्रोनस मोटर असते आणि तिचा वेग विजेच्या हर्ट्झवरच ठरतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे वेग सरळ एक षष्ठांशाने कमी. ३३⅓ ऐवजी मिनिटाला जेमतेम २७.८ फेरे.

एका घरात असाच टर्नटेबल कित्येक महिने चालत होता. "एलपीवर आवाज कसा भारदस्त लागतो बघा," असं आल्यागेल्याला ऐकवलं जायचं. गडबड लक्षात आली ती पेटी वाजवणाऱ्या पाहुण्यांच्या. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा षड्ज पांढरी चारच्याही किंचित खाली लागत होता. पेटीच्या तीन पट्ट्यांहून जास्त उतार! मग दुरुस्तीवाल्याने आधी बेल्ट बदलला, मग कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) बदलायला लावलं. सुरात काडीचा फरक पडला नाही, कारण दोष त्या दोन्हींत नव्हताच. २२ मिनिटांची बाजू संपायला जवळपास साडेसव्वीस मिनिटं लागतायत, हे घड्याळाकडे बघून फुकटात कळलं असतं.

तपासायला ना यंत्र लागतं ना ॲप. रेकॉर्डखालच्या मॅटच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवा, रेकॉर्ड लावा, सुई टेकवा आणि फेरे मोजा. सुई टेकवलेलीच हवी, कारण तिच्या ओढीनेही वेग किंचित बदलतो. ३३⅓ वर १०० फेऱ्यांना बरोबर ३ मिनिटं लागली पाहिजेत. ३ मिनिटं ३६ सेकंद लागली, तर वर सांगितलेलं दुखणं आहे. दोन-चार सेकंद इकडेतिकडे असतील, तर बेल्ट सैल झालाय किंवा वेगाचा स्क्रू फिरवायचा राहिलाय.

छापील स्ट्रोब तबकडी (वेग बरोबर असेल तर जिच्या रेघा थांबलेल्या दिसतात ती) वापरणार असाल तर ५० हर्ट्झची घ्या. ३३⅓ साठी तिच्यावर १८० रेघा असतात. ती जुन्या पिवळ्या बल्बखाली धरा. एलईडीचे बरेच दिवे विजेच्या ठेक्यावर लुकलुकतच नाहीत, त्यामुळे रेघा थांबल्या की सरकल्या हे कळत नाही.

उपाय म्हणजे ५० हर्ट्झची पुली (मोटरवरची बेल्ट फिरवणारी चकती), जिचा व्यास मूळ पुलीपेक्षा एक पंचमांशाने जास्त असतो. मोटरचा व्होल्टेजचा प्रश्न वेगळा, तो ट्रान्सफॉर्मरने सुटतो. अडॅप्टरवर चालणारी डीसी मोटर असेल तर काळजी नाही, योग्य अडॅप्टर घेतला की झालं. क्वार्ट्झवाल्या डायरेक्ट ड्राइव्हलाही (मोटर थेट तबकडी फिरवते तो प्रकार) हर्ट्झशी देणंघेणं नसतं, फक्त व्होल्ट बघा. पुलीला टेप गुंडाळून व्यास वाढवायची युक्ती मात्र कोणी सांगितली तर नमस्कार करून निघा. टेपचा जोड दर फेरीला बेल्टला हिसका देतो आणि तानपुऱ्याचा सूर डोलायला लागतो.

नाणं काढा

सुई उडतेय? मग हेडशेलवर (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसतं तो भाग) रुपयाचं नाणं! हा सल्ला इतका पसरलाय की जुन्या टर्नटेबलांच्या हेडशेलवर सेलोटेपचे डाग हटकून दिसतात. एक रुपयाचं नाणं तीन ते पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरतं. ऑर्टोफोन टूएम रेडला १.८ ग्रॅम लागतात, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई ला २. त्यावर नाणं ठेवलंत की वजन अडीच ते तीनपट. सुईची दांडी आत दबते, कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला घासायला लागतं आणि खाचेच्या भिंती झिजतात. सुई उडायची थांबते खरी, पण खाच परत भरून येत नाही.

याच्या उलट चूक "काळजीवाल्या" लोकांची. रेकॉर्ड झिजू नये म्हणून दोन ग्रॅमच्या सुईला ते एकच ग्रॅम देतात. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, मोठ्या आवाजाला भिंत सोडते आणि पुन्हा येऊन आपटते. 'स' आणि 'श' फाटके ऐकू येतात ते बरेचदा यामुळे. कंपनीने दिलेल्या पल्ल्यात थोडं वरच्या बाजूला राहणं केव्हाही बरं.

वजन लावायची रीत अशी. अँटी-स्केट (आर्मच्या आत सरकण्याला उलट ताण देणारं बटण) शून्यावर आणा. सुईचं झाकण काढा. आर्म स्टँडवरून सोडवून तबकडीच्या बाहेर धरा आणि मागचं वजन फिरवत राहा, आर्म आडवा तरंगेपर्यंत. मग आर्म परत स्टँडवर ठेवून अडकवा. आता वजन हलू न देता फक्त आकड्यांची पुढची कडी शून्यावर आणा. घाई करणारे नेमके इथेच चुकतात, वजन आणि कडी एकत्र फिरवतात आणि सगळा हिशेब बिघडतो. कडी शून्यावर आली की मग दोन्ही मिळून हव्या त्या आकड्यापर्यंत फिरवा. अँटी-स्केट सुरुवातीला तेवढ्याच आकड्यावर ठेवा.

कडीवरच्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास नको. ०.०१ ग्रॅम दाखवणारा सुईचा छोटा वजनकाटा स्वस्तात मिळतो. त्याची वरची पट्टी लोखंडी नाही ना, एवढं बघा, नाहीतर कार्ट्रिजमधलं चुंबक तिला ओढतं आणि आकडा खोटा येतो. काट्याची उंचीही रेकॉर्डच्या पातळीला हवी.

एवढं करूनही सुई उडत असेल तर टर्नटेबल समपातळीत आहे का बघा, सुईला चिकटलेला कचरा बघा आणि स्पीकर त्याच टेबलावर ठेवलाय का तेही बघा. स्पीकरचा हादरा सुईत, सुईतला पुन्हा स्पीकरमध्ये, आणि दोष बिचाऱ्या रेकॉर्डला.

आवाज सारखा न करता तुलना

सीडी प्लेअर साधारण २ व्होल्टपर्यंत सिग्नल देतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज देतं चार-पाच मिलिव्होल्ट, आणि फोनो स्टेजमधून (हा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) वाढवल्यावरही ते सीडीच्या खालीच राहतं. व्हॉल्यूमचं बटण न हलवता दोन्ही ऐकलीत तर सीडी मोठ्याने वाजणार, आणि मोठं ते कानाला सरस वाटतंच. मग "सीडीत दम आहे" असा शोध लागतो. रागसंगीताच्या रेकॉर्डला यावर सोपी सोय आहे: सुरुवातीचा नुसता तानपुरा. तो एका पातळीवर वाजत राहतो. फोन एकाच जागी ठेवून ध्वनिमापकाचं ॲप लावा, दोन्हींचा तानपुरा अर्ध्या डेसिबलच्या आत आणा आणि मग बोला.

तेवढ्यानेही तुलना प्रामाणिक होईलच असं नाही. जुन्या गाण्यांच्या काही सीडींत खरखर काढता काढता आवाजाची वरची धारही काढून टाकलेली असते. आजकालच्या बऱ्याच नव्या एलपी डिजिटल फाइलवरूनच कापलेल्या असतात. आणि आपल्याकडचा खास घोळ म्हणजे ज्याला लोक सीडी म्हणतात ती एमपीथ्रीची चकती निघते. पाकिटावर "५० सदाबहार गाणी" असेल तर ती ऑडिओ सीडी नव्हे, कारण ऑडिओ सीडीवर ७४ ते ८० मिनिटांपलीकडे मावत नाही. ती लावून एलपीशी तुलना करणं म्हणजे तुलनाच नाही.

आता एलपीवाल्यांना न आवडणारी गोष्ट. ३३⅓ वर बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला जागा निम्म्याहून कमी. ख्याल विलंबितात बाहेर सुरू होतो आणि द्रुत, तराणा येतो नेमका आतल्या कडेला. म्हणजे सर्वांत गर्दीचं संगीत सर्वांत वाईट जागी. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि लेसरसमोरून सरकणाऱ्या पट्टीचा वेग सगळीकडे सारखाच, म्हणून तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. एलपीवर द्रुत फाटत असेल तर कार्ट्रिजचा कोन तपासा. छापील प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायचा कागद) मधल्या दांडीपासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरच्या दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिज रेघांना समांतर हवं. कागद छापल्यावर त्यावरची मोजपट्टी खऱ्या पट्टीशी ताडून बघा, प्रिंटर बऱ्याचदा "पानात बसवतो" आणि सगळी मापं बिघडवतो.

फुटकळ चुका

टर्नटेबल ऑक्सला लावला आणि आवाज किरटा, क्षीण येतोय: फोनो स्टेज नाही. आवाज फाटतोय, खर्ज नुसता घुमतोय: टर्नटेबलमध्ये फोनो स्टेज आहेच आणि वर तुम्ही तो अँपच्या फोनोला लावलाय. मागचं बटण बघा, दोनदा इक्वलायझेशन (फोनो स्टेज करते ती खर्ज-टीपेची दुरुस्ती) नको.

सतत घूं आवाज: जमिनीची बारीक तार लावायची राहिलीय.

पितळी कर्ण्याच्या चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावणं: एकदाच पुरे, रेकॉर्ड गेली. तिथे पोलादी पिन आणि शंभर ग्रॅमच्या वरचं वजन असतं. ती पिनसुद्धा दर बाजूला बदलायची असते.

एलपीच्या सुईने ७८ (मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी रेकॉर्ड) लावणं: त्या खाचा कितीतरी रुंद. ७८ ची सुई ७५ मायक्रॉनच्या आसपास, एलपीची १८. बारीक सुई तळाशी लोळते आणि तिथला कचराच वाजवते.

आडव्या थप्प्या: नको. उभ्या ठेवा, पण तिरक्या नाही. आणि नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून जेवायला जाऊ नका. वाकलेली रेकॉर्ड काचांमध्ये दाबून उन्हात सरळ करायचे व्हिडिओ बघण्यापुरते ठीक आहेत.

पुसण्याची दिशा

रेकॉर्ड खाचेच्या दिशेने गोल पुसायची, सीडी मधून कडेकडे सरळ. लोक हमखास उलटं करतात. सीडीवरची आडवी रेघ लेसरच्या वाटेत क्षणभरच येते आणि प्लेअरची चूकदुरुस्ती ती भरून काढते. गोल पुसताना पडलेली रेघ वाटेबरोबरच धावते, तेवढी माहिती भरून काढणं तिला झेपत नाही.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यानंतर रेकॉर्डवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. कोरड्या फडक्याने घासलीत तर ती खाचेत आणखी भरते. एक लिटर मिश्रणाला ८०० मिली डिस्टिल्ड पाणी आणि २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत वाळतात. लेबल कोरडं ठेवून मायक्रोफायबरने गोल पुसा, मग दुसऱ्या फडक्याने नुसतं डिस्टिल्ड पाणी फिरवा, आणि भांड्यांच्या रॅकमध्ये पंख्यापासून लांब उभी ठेवून वाळवा. जुनं आतलं पाकीट फेकाच, बुरशी तिथेच मुक्कामाला असते. नवं पॉलिथिनचं घ्या. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांनी रेकॉर्डवर धुरकट थर येतो.

हे मिश्रण ७८ ला लावायचं नाही! ती लाखेची असते आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. बालगंधर्वांची एखादी तबकडी अशी चकाचक करताना तिचा पृष्ठभागच फडक्यावर आलेला दिसतो. तिला फक्त डिस्टिल्ड पाणी, तेही झटपट, आणि लगेच कोरडी करा.

सीडीबाबत गैरसमज असा की चमकणारी बाजू नाजूक. तिथे सव्वा मिलिमीटरच्या जवळपास प्लास्टिक आहे. माहितीचा थर असतो छापील बाजूला, लॅकरच्या पातळ लेपाखाली. त्या बाजूला बॉलपेनने नाव लिहिणं किंवा चिकटवलेलं लेबल ओढून काढणं म्हणजे गाणं खरवडून काढणं. टूथपेस्टने तिथे काही होत नाही. सगळ्याच सीडी अडखळत असतील तर सीडींना घासत बसू नका, बहुधा लेन्सवर धूळ आहे. कापसाच्या काडीला अल्कोहोलचा एक थेंब, आणि लेन्सला दाब न देता नुसता स्पर्श.

घरी राइट केलेल्या सीडी-आर, मैफिलींच्या खासगी ध्वनिमुद्रणाच्या, अजून कपाटात असतील तर त्यांची बात वेगळी. त्यात प्लास्टिकमध्ये दाबलेले खड्डे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो आणि तो उजेडाने, उष्णतेने उतरतो. आज वाजतायत तोवर संगणकावर डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅकमध्ये (यांत आवाजाची काटछाट होत नाही) उतरवून दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. एमपीथ्रीमध्ये नको.